गोळीचा आवाज ऐकणारे घड्याळ

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज. तो सामना तुमच्यापैकी अनेकांनी पडद्यावर पाहिला असेल. नेमबाजीत गुण मोजतात हे सर्वांना ठाऊक असते. पण तिथे वेळही मोजतात, याकडे पाहणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० नेम ७५ मिनिटांत संपवायचे होते. म्हणजे एका नेमाला सरासरी ७५ सेकंद. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात तर पाच गोळ्या आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारायच्या असतात.

म्हणून सरावाच्या वेळी प्रशिक्षक विचारतात, "रायफल खांद्याला लावल्यापासून चाप ओढेपर्यंत तू किती वेळ घेतोस? प्रत्येक नेमाला तेवढाच घेतोस का?" या प्रश्नाचे उत्तर देणारे एक छोटे इलेक्ट्रॉनिक घड्याळ आपण या लेखात बांधणार आहोत. ते बझर वाजवून स्वतः सुरू होते आणि गोळीचा आवाज ऐकून वेळ टिपते. ते बांधायला आणि त्याची परीक्षा घ्यायला बंदूक लागत नाही, टाळी पुरते. बंदुकीचा संबंध शेवटी येतो, आणि तोही फक्त रेंजवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली.

हातातल्या स्टॉपवॉचची अडचण

"एवढा खटाटोप कशाला? मित्राच्या हातात स्टॉपवॉच दिले की झाले," असे कोणी म्हणेल. आधी एक प्रयोग करा. मित्राला एक फूटपट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. बहुतेकांच्या चिमटीत पट्टी १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान सापडते. पडणारी वस्तू ०.२ सेकंदात १९.६ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे पट्टी सुटलेली पाहून बोटे मिटायला आपल्याला जवळजवळ ०.२ सेकंद लागतात. गोळीचा आवाज ऐकून स्टॉपवॉचचे बटण दाबणाऱ्यालाही साधारण असाच उशीर होतो. शिवाय हा उशीर दर वेळी सारखा नसतो आणि प्रत्येक माणसाचा वेगळा असतो.

या उशिरामुळे एका माणसाची नोकरी गेली होती. इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मास्केलिन यांच्या हाताखाली डेव्हिड किनब्रुक नावाचा सहायक होता. दुर्बिणीतल्या बारीक तारेवरून तारा नेमका केव्हा सरकला, हे घड्याळाचे ठोके ऐकत ऐकत ठरवायचे, असे त्यांचे काम. किनब्रुकची वेळ मास्केलिन यांच्या वेळेपेक्षा मागे पडू लागली आणि हा फरक ०.८ सेकंदापर्यंत गेला. १७९६ साली किनब्रुकला कामावरून काढले. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी ही नोंद वाचली आणि नामवंत निरीक्षकांची एकमेकांशी तुलना करून पाहिली. त्यांच्यातही असेच फरक निघाले! किनब्रुक आळशी नव्हता. दोन माणसांचे डोळे, कान आणि मेंदू सारख्या वेगाने चालत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता. तोवर किनब्रुक हयात नव्हता.

रायफलच्या सरावात नेमाला आठ-दहा सेकंद लागतात. तिथे ०.२ सेकंदाची चूक फार मोठी नाही, हे कबूल करायला हवे. पण ४ सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतील तर दोन गोळ्यांमधले अंतरच एक सेकंदाच्या आत येते. तिथे ०.२ सेकंदाची चूक चालणार नाही. दुसरे असे, की स्टॉपवॉच धरून बसलेल्या माणसाचे सगळे लक्ष बटणात गुंतते. यंत्र वेळ टिपू लागले की प्रशिक्षकांचे डोळे नेमबाजाकडे पाहायला मोकळे होतात.

लागणारे साहित्य

एक आर्डुइनो उनो पाटी, एक इलेक्ट्रेट मायक्रोफोन, एलएम ३५८ हा आठ पायांचा आयसी, ४.७ किलोओहमचा एक, १ किलोओहमचा एक, १० किलोओहमचा एक आणि १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. १० किलोओहमचा एक प्रिसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा बदलता रेझिस्टर. एक बझर, एक दाबबटण, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी पडदा, ब्रेडबोर्ड आणि तारा. वीज संगणकाच्या यूएसबी तारेतून किंवा बॅटरीतून घ्या. घरातल्या भिंतीवरच्या विजेशी या यंत्राचा थेट संबंध येऊ देऊ नका.

इलेक्ट्रेट मायक्रोफोन ही शेंगदाण्याएवढी डबी १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी शोधली. तिच्यात एक पातळ पडदा असतो आणि कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पदार्थ असतो. आवाजाने पडदा थरथरला की त्याचे मागच्या पत्र्यापासूनचे अंतर बदलते आणि त्याबरोबर व्होल्टेजही बदलते. हा बदल काही हजारांश व्होल्टचाच असल्यामुळे तो मोठा करावा लागतो.

जोडणी

एलएम ३५८ मध्ये दोन प्रवर्धक असतात. पहिला सिग्नल मोठा करील, दुसरा त्याची तुलना करील. आयसीवरच्या खाचेच्या डावीकडून पाय मोजायला सुरुवात करा. आठवा पाय ५ व्होल्टला आणि चौथा शून्य व्होल्टला, म्हणजे ग्राउंडला जोडा.

मायक्रोफोनचे धन टोक ४.७ किलोओहममधून ५ व्होल्टला आणि ऋण टोक ग्राउंडला जोडा. धन टोकावरून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आयसीच्या तिसऱ्या पायाला न्या. तिसरा पाय १०० किलोओहममधून ग्राउंडला जोडा. दुसरा पाय १ किलोओहममधून ग्राउंडला, आणि पहिला पाय दुसरा १०० किलोओहम घालून दुसऱ्या पायाला जोडा. या शेवटच्या दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरात एक मिळवला की प्रवर्धन मिळते : १०० भागिले १, अधिक १, म्हणजे १०१ पट.

आता पहिला पाय पाचव्या पायाला जोडा. प्रिसेटची बाहेरची दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, आणि मधले टोक सहाव्या पायाला जोडा. प्रिसेट फिरवून तुम्ही एक पातळी ठरवता. आवाजाचा सिग्नल या पातळीच्या वर गेला की सातव्या पायावर व्होल्टेज उसळते. खाली असला तर तिथे शून्य राहते. हा सातवा पाय आर्डुइनोच्या २ क्रमांकाच्या पिनला जोडा. बझर ८ क्रमांकाला, बटण ७ क्रमांकाला आणि पडद्याच्या दोन सिग्नल-तारा ए-४ व ए-५ या पिनांना जोडा.

घड्याळाला शिकवायचे धडे

जोडणी झाली तरी यंत्राला अजून काहीच कळत नाही. त्याला प्रोग्रॅममधून पुढचे पाच धडे द्यायचे.

पहिला धडा : बटण दाबल्यावर २ ते ५ सेकंदांच्या दरम्यान कितीही वेळ थांबून मग बझर वाजव. दर वेळी सारखेच थांबलास तर नेमबाज बझरची वाट न पाहता अंदाजानेच सुरुवात करील.

दुसरा धडा : बझर सुरू झाला ती वेळ नोंदव आणि पुढचा ०.४ सेकंद कान बंद ठेव. नाहीतर ०.३ सेकंद वाजणारा स्वतःचाच बझर तुला गोळी वाटेल.

तिसरा धडा : २ क्रमांकाच्या पिनवर व्होल्टेज उसळताच हातातले काम थांबवून फक्त वेळ लिहून ठेव. याला इंटरप्ट म्हणतात. कचेरीच्या दाराशी आवक-रजिस्टर घेऊन बसलेल्या कारकुनासारखे हे काम आहे. पत्र आले की त्याने तारीख आणि वेळ टाकायची. पत्रावर कारवाई नंतर आत होईल. पडद्यावर आकडे लिहायला काही हजारांश सेकंद लागतात. कारकून तेच करत बसला तर पुढच्या पत्राची वेळ चुकेल.

चौथा धडा : एक आवाज टिपल्यावर ०.२५ सेकंद बहिरा राहा. या बहिरेपणाचे कारण पुढे येईल.

पाचवा धडा : पडद्यावर नेमाचा क्रमांक, बझरपासूनची वेळ आणि आधीच्या आवाजापासूनचे अंतर दाखव.

इथे एक गंमत आहे. आर्डुइनोचा मायक्रोसेकंद मोजणारा गणक ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. एवढे मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ७१ मिनिटे ३५ सेकंद. सामना तर ७५ मिनिटांचा! दोन नेमांमधले अंतर काढताना याने बिघडत नाही. भिंतीवरच्या घड्याळात ११ वाजल्यापासून २ वाजेपर्यंत तीन तास होतात, हे आपण २ हा आकडा ११ पेक्षा लहान असूनही बरोबर काढतो. चिन्हरहित पूर्णांकांची वजाबाकी यंत्रही तशीच करते. पण सामन्याच्या सुरुवातीपासूनची वेळ हवी असेल तर मिलिसेकंदांचा गणक वापरा. तो शून्यावर यायला जवळजवळ ५० दिवस लागतात.

दोन कसोट्या

यंत्र तयार झाले, टाळी वाजवली आणि पडद्यावर ३.२१७ असा आकडा उमटला. तीन दशांश स्थळे पाहिली की आपला त्यावर विश्वास बसतो. पण पडद्यावर किती अंक दिसतात आणि त्यातले किती खरे असतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राचे घड्याळ बरोबर चालते का आणि त्याचा कान बरोबर ऐकतो का, हे आपण वेगवेगळे तपासू.

घड्याळाची कसोटी सोपी आहे. उनोच्या आर-३ प्रकारात मुख्य चिपला ठेका देण्यासाठी सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक असू शकते. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक याहून कितीतरी अचूक असतो. म्हणून मनगटी घड्याळ पाहून एक टाळी वाजवा आणि बरोबर १० मिनिटांनी दुसरी. पडद्यावर ६०० सेकंद यायला हवेत. चूक अर्ध्या टक्क्याची असेल तर ५९७ किंवा ६०३ दिसतील. टाळी वाजवताना तुमचा ०.२ सेकंदाचा घोटाळा झाला तरी ६०० सेकंदांत तो नगण्य आहे. चूक लहान असेल तर ती दीर्घ काळ साठू द्यावी, म्हणजे ती दिसते. मिळालेल्या गुणोत्तराने पुढची सगळी मापे दुरुस्त करण्याची सूचना प्रोग्रॅममध्ये घाला.

कानाच्या कसोटीसाठी गुरुत्वाकर्षणाची मदत घेऊ. १२२.५ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर यायला ०.५ सेकंद लागतो, हे तुम्ही पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने ताडून पाहू शकता. टोकाला भोक असलेली लाकडी पट्टी एका फळीवर खिळ्याने सैल बसवा, म्हणजे ती खिळ्याभोवती आडवी फिरेल. तिचे दुसरे टोक फळीच्या बाहेर येऊ द्या आणि त्यावर सायकलच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी ठेवा. गोळीखाली जमिनीवर पत्र्याची थाळी ठेवा. गोळीच्या बुडापासून थाळीपर्यंत बरोबर १२२.५ सेंटिमीटर अंतर ठेवा. आता पट्टीला बाजूने सणसणीत टिचकी मारण्याऐवजी लाकडी ठोकळ्याने फटका मारा. पट्टी बाजूला सरकते, गोळी जडत्वामुळे मागे राहते आणि सरळ खाली पडते. फटका हा पहिला आवाज आणि थाळीचा खणखणाट हा दुसरा. दोन्हींमधले अंतर ०.५०० यायला हवे.

मायक्रोफोन कुठे ठेवाल? तो पट्टीजवळ ठेवला तर फटका लगेच ऐकू येईल, पण थाळीच्या आवाजाला सव्वा मीटर वर यावे लागेल. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणून माप सुमारे ०.००३५ सेकंद जास्त येईल. मायक्रोफोन खाली ठेवला तर तेवढेच कमी. तो बरोबर मध्ये, अर्ध्या उंचीवर ठेवला की दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि वजाबाकीत तो उडून जातो. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

दहा वेळा गोळी पाडून सरासरी काढा. उंची मोजताना १ सेंटिमीटर चूक झाली तर वेळेत ०.००२ सेकंदाची चूक येते. त्यामुळे सरासरी ०.४९८ ते ०.५०२ च्या दरम्यान आली तर यंत्र पास समजा. बरीच वेगळी आली तर पातळी फार वर असून खणखणाटाची सुरुवात निसटते आहे का, ते पाहा.

पडणाऱ्या वस्तूने वेळ मोजण्याची ही कल्पना जुनी आहे. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या सैन्यातले अधिकारी ल बूलाँजे यांनी तोफगोळ्याचा वेग मोजण्यासाठी तिचा उपयोग केला. गोळा पहिली तार तोडी तेव्हा विद्युतचुंबकाला लटकलेली लांब सळई सुटून पडू लागे. गोळा दुसरी तार तोडी तेव्हा दुसरी आखूड सळई पडून एक पाते सोडी आणि ते पाते पडत्या लांब सळईवर खूण उमटवी. खूण किती वर उमटली त्यावरून दोन तारांमधला काळ काढत. ना बॅटरीवरचा पडदा, ना चिप. पडती सळई हेच घड्याळ!

रेंजवर

आता रेंजवर जाऊ. एअर रायफल हे खेळाचे साधन असले तरी शस्त्रच आहे. ती फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकांच्या आज्ञेनेच हातात घ्यायची. नळी नेहमी लक्ष्याकडेच. कोणी लक्ष्याच्या बाजूला गेले असेल तर रायफलला हात लावायचा नाही. यंत्र ठेवायला किंवा हलवायला तुम्ही स्वतः पुढे जाऊ नका. गोळीबार थांबल्यावर प्रशिक्षक ते काम करतील.

इथे पहिली अडचण येते ती शेजाऱ्याची. तुमच्या बाजूला मीटरभर अंतरावर दुसरा नेमबाज असतो आणि त्याने चाप ओढला तरी तुमचे यंत्र गोळी मोजते. उपाय अंतराचा. मायक्रोफोन तुमच्या नळीच्या तोंडापासून २० सेंटिमीटरवर, एका बाजूला ठेवा. ध्वनीचा दाब अंतर वाढते त्या प्रमाणात कमी होतो. शेजाऱ्याची नळी मायक्रोफोनपासून एक मीटरवर असेल तर त्याच्या आवाजाचा दाब तुमच्या आवाजाच्या एक पंचमांश असेल. प्रिसेटची पातळी या दोहोंच्या मध्ये ठेवली की काम झाले.

पण अनेकदा प्रिसेट कितीही फिरवला तरी दोन्ही गोळ्या मोजल्या जातात. याचे कारण १०१ पट प्रवर्धनात आहे. एलएम ३५८ ला ५ व्होल्ट दिले तर त्याच्या बाहेर सुमारे ३.५ व्होल्टपेक्षा जास्त येत नाही. टाळीसाठी ठीक असलेले प्रवर्धन गोळीसाठी फार होते. जवळचा आणि दूरचा दोन्ही आवाज या छताला जाऊन टेकतात आणि सारखेच उंच दिसतात. म्हणून रेंजवर जाताना पहिल्या आणि दुसऱ्या पायामधला १०० किलोओहम काढून तिथे १० किलोओहम बसवा. प्रवर्धन ११ पट होते, छत दूर राहते आणि पाचास एक हा फरक पुन्हा दिसू लागतो.

दुसरी अडचण बहिरेपणाशी संबंधित आहे. बहिरा काळ ०.२५ सेकंदाऐवजी अगदी कमी ठेवला तर एका नेमाला पडद्यावर कधी कधी दोन गोळ्या दिसतात. ही दुसरी गोळी कुठून आली? एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने जातो असे धरा. १० मीटर जायला त्याला ०.०५९ सेकंद लागतो. तो लोखंडी पेटीवर आदळतो आणि त्या आघाताचा आवाज १० मीटर परत यायला ०.०२९ सेकंद लागतो. म्हणजे गोळीनंतर ०.०८८ सेकंदाने मायक्रोफोनला दुसरा आवाज ऐकू येतो. भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी वेगळेच. ही रायफल एका वेळी एकच छर्रा मारते आणि पाव सेकंदात ती पुन्हा भरता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून तेवढा वेळ यंत्राने बहिरे राहावे हे योग्य. दुसऱ्या प्रकारच्या नेमबाजीत हा आकडा पुन्हा विचार करून ठरवावा लागेल.

घोटाळ्यातून वेग

हा नकोसा दुसरा आवाज फुकट घालवू नका. त्यातूनच छर्‍याचा वेग काढता येतो. गोळीबार बंद असताना प्रशिक्षकांना यंत्र नेमबाज आणि लक्ष्य यांच्या बरोबर मध्ये, लेनच्या कडेला जमिनीवर ठेवायला सांगा. इथे दोन्ही आवाज दुरून येतात, म्हणून १०० किलोओहम परत बसवा. बझर बंद ठेवा आणि बहिरा काळ ०.०३ सेकंद करा. बटण दाबून प्रशिक्षक मागे आले आणि रेंज सुरू झाली की एक नेम मारायचा.

मायक्रोफोन मध्यावर असल्यामुळे नळीचा आवाज आणि पेटीचा आवाज दोन्ही सारखेच अंतर चालून येतात. पोलादी गोळीच्या प्रयोगातलीच ही युक्ती! त्यामुळे दोन आवाजांमधले अंतर म्हणजे छर्‍याला लागलेला वेळ. नळीच्या तोंडापासून पेटीपर्यंतचे अंतर टेपने मोजून त्याला या वेळेने भागा. ०.०५९ आले तर वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. हा वाटेतला सरासरी वेग आहे. हवेच्या विरोधामुळे नळीतून सुटतानाचा वेग याहून थोडा जास्त असतो.

दुसरा आवाज पेटीचाच आहे, प्रतिध्वनी नाही, हे कशावरून? यंत्र तिथेच ठेवून, नेमबाज उभा राहतो त्या जागेवरून मोठ्याने टाळी वाजवा किंवा दोन फळ्या एकमेकींवर आपटा. प्रतिध्वनी असेल तर तो टाळीनंतरही त्याच वेळेला दिसेल. जो आकडा रायफलीनंतर दिसतो आणि टाळीनंतर दिसत नाही, तो छर्‍याचा.

वहीतले दोन स्तंभ

आता मूळ कामाकडे वळू. यंत्र पुन्हा नळीजवळ आणा, १० किलोओहम बसवा आणि बहिरा काळ ०.२५ सेकंद करा. बझर वाजल्यावर रायफल खांद्याला लावायची, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. वहीत दोन स्तंभ आखा : एकात वेळ, दुसऱ्यात त्या नेमाचे गुण. साठ नेम झाले की आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर गुण घेऊन साठ ठिपके मांडा.

एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, आणि छर्‍याचा व्यास असतो ४.५ मिलिमीटर. फार वेळ नेम धरून ठेवला तर डोळा थकतो, रोखलेला श्वास सुटू पाहतो आणि हात हलू लागतात. म्हणून वेळ लांबला की रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करावी, असे प्रशिक्षक सांगतात. पण तुमच्या बाबतीत "फार वेळ" म्हणजे आठ सेकंद की बारा? तो आकडा तुमच्या आलेखावरच सापडेल. ठिपके एका ठिकाणापासून उजवीकडे खाली उतरू लागले असतील तर ती तुमची मर्यादा. कुणाचे ठिपके डावीकडेच खाली असतील. तो घाई करतो आहे. कुणाच्या ठिपक्यांत वेळेचा आणि गुणांचा काहीच संबंध दिसणार नाही. तोही निष्कर्षच आहे. त्याने चूक दुसरीकडे, उभे राहण्याच्या पद्धतीत किंवा चाप ओढण्यात शोधावी.

एकाच दिवसाच्या साठ ठिपक्यांवरून घाईने निर्णय घेऊ नका. निदान चार-पाच दिवसांचे आलेख एकाखाली एक ठेवा. दर महिन्याला एकदा पोलादी गोळी पाडून यंत्राचा कानही तपासत जा, आणि ती तारीख व आलेली सरासरी त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.